आधी घराची परीक्षा

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की सातारा-सांगलीच्या नोकरदार घरांत एक हिशेब सुरू होतो. शाळा उघडणार जूनच्या मध्यावर. आई-बाबांची रजा एकत्र केली तरी दहा-बारा दिवस भरतात. आजी गावाकडं, तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "पाचवीतल्या मुलाला दुपारचं एकटं ठेवलं तर चालेल का?" आणि पुढं दोन दिवस नुसती रणधुमाळी. एक बाजू म्हणते, आम्ही सातव्या वर्षी म्हशी घेऊन रानात जायचो, काय झालं आम्हाला? दुसरी म्हणते, परदेशात असं केलं तर आई-बापाला आत टाकतात. मधेच एखादी आई सांगते की तिची मुलगी नऊ वर्षांची आहे आणि सगळं करते, अगदी गॅससुद्धा लावते. त्यावर टाळ्यांचा पाऊस पडतो. ज्यानं विचारलं त्याला सोमवारी कामावर जायचंय आणि त्याच्या हाती काहीच लागलेलं नाही.

या वादात वयावर बोललं जातं, समजूतदारपणावर बोललं जातं, संस्कारांवर तर फारच बोललं जातं. ज्या घरात त्या मुलाला ठेवायचं, त्या घराबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. माझं म्हणणं असं आहे की परीक्षा आधी घराची घ्यावी. घर नापास झालं तर चौदा वर्षांच्या मुलालाही त्यात एकटं ठेवू नये. घर पास झालं तरच मुलाकडं वळावं, आणि "राहशील ना रे बाळा?" एवढं विचारून मुलाची परीक्षा होत नसते. एकटं राहणं ही सायकलसारखी शिकवायची गोष्ट आहे; अमुक वाढदिवसाला ती आपोआप अंगात येत नाही.

'परदेशात'वाल्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांचं म्हणणं ऐकायला भारदस्त वाटतं आणि बरंचसं चूक आहे. इंग्लंडच्या कायद्यात मूल घरी एकटं ठेवण्याचं किमान वय लिहिलेलंच नाही. तिथली एनएसपीसीसी ही मुलांसाठी काम करणारी जुनी संस्था सांगते की १२ वर्षांखालची मुलं फार वेळ एकटी राहण्याइतकी तयार क्वचितच असतात आणि १६ खालच्यांना रात्रभर एकटं ठेवू नये. हा झाला सल्ला. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या कायद्यातही आकडा नाही. मेरीलँडमध्ये आहे, तो ८ वर्षांचा. आणि त्यापेक्षा लहान मूल कुणावर सोपवायचं असेल तर सांभाळणारा निदान १३ वर्षांचा हवा, असंही तिथला कायदा म्हणतो. ही दुसरी अट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आपल्याकडं भारतीय न्याय संहितेचं कलम ९३ आहे, पण ते १२ वर्षांखालच्या मुलाला कायमचं टाकून देण्याच्या इराद्यानं सोडणाऱ्यांसाठी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ मुलाला विनाकारण त्रास होईल अशी जाणूनबुजून केलेली हेळसांड गुन्हा ठरवतं; शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. दुपारी दोन ते पाच घरी राहणाऱ्या सहावीतल्या मुलाचं वय दोन्हीकडं सापडत नाही.

आकडा नाही म्हणजे कायद्याला काही सुचलं नाही, असं समजू नये. १८६० च्या दंडसंहितेतली ८२ आणि ८३ ही कलमं आठवा. नव्या संहितेत ती २० आणि २१ म्हणून जवळपास तशीच उतरली आहेत. ७ वर्षांखालच्या मुलाच्या हातून काहीही झालं तरी तो गुन्हा नाही. ७ ते १२ च्या मधे मात्र न्यायाधीशानं पाहायचं की, त्या प्रसंगी, आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय, हे कळण्याइतकी समज त्या मुलाला होती का. 'त्या प्रसंगी' हे शब्द मोलाचे आहेत. एकच मूल एका प्रसंगी समजदार आणि दुसऱ्या प्रसंगी अजाण असू शकतं, हे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कलम लिहिणाऱ्यांना कळलं होतं. आपण मात्र अजून "माझा मुलगा मॅच्युअर आहे" असं एका दमात सांगून मोकळे होतो. कशासाठी मॅच्युअर? अभ्यासाला बसण्यासाठी? की दारावर अनोळखी माणूस उभा असताना आणि घरातली लाईट गेलेली असताना?

वयाचा आग्रह धरणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. समज मोजायची कुणी? आई-बापानंच. आणि आपलं मूल वयापेक्षा मोठं आहे असं न वाटणारा आई-बाप शोधून सापडायचा नाही, त्यात रजा संपलेली असली की हा विश्वास आणखी बळावतो. आकडा निदान स्वतःची फसवणूक थांबवतो. हे मला पूर्ण मान्य आहे, म्हणून मीही आकडे सांगतो. ८ वर्षांखाली अजिबात नाही. गच्चीवरून कपडे आणण्यापुरतंसुद्धा दार उघडं ठेवून आणि हाकेच्या अंतरावर. ८ ते १० मध्ये दिवसाउजेडी १५ मिनिटं ते अर्धा तास. ११-१२ ला तास-दोन तास. १३ नंतर अर्धा दिवस. रात्र १६ च्या आत नाहीच. पण हे आकडे एकाच बाजूनं वापरायचे. वय कमी असेल तर 'नाही' म्हणायला ते पुरतं. वय भरलं म्हणून 'हो' म्हणायला पुरत नाही.

आता 'आमच्या वेळी'. साताऱ्याच्या पेठांतल्या किंवा सांगलीच्या गावभागातल्या वाड्यात मूल एकटं असायचं तरी कधी? चौकात चार बिऱ्हाडं, नळ सामाईक, ओट्यावर कुणीतरी शेंगा फोडत बसलेलं. आई मंडईत गेली म्हणजे फक्त आई नसायची, बाकी सगळे असायचे. खेड्यात बाप मुंबईच्या गिरणीत नाहीतर पलटणीत, आई भांगलायला. तरी घरात आजी, चुलती, भावकी. म्हशी राखणारी पोरंही पाच-सहाच्या घोळक्यानं जायची आणि बांधापलीकडं कुणाची तरी नांगरट चाललेली असायची. त्या पिढीला एकटं राहण्याचा अनुभव आहे असं आपण म्हणतो, तेव्हा आज बंद दाराआड तीन तास बसणाऱ्या मुलाचा अनुभव त्यांच्या नावावर खपवतो. आणि "काय झालं आम्हाला?" हा प्रश्न विचारायला फक्त ज्यांना काही झालं नाही तेच उरलेत, हेही विसरून चालणार नाही. विहिरीत गेलेलं पोर ग्रुपवर मत मांडायला येत नाही.

त्याच बाजूचा एक चांगला मुद्दा आहे, तो त्यांनी म्हशींच्या नादात वाया घालवला. मुलांना जपून जपून आपण पांगळी करतोय, हे खरं आहे. अठराव्या वर्षी पुण्याला होस्टेलवर गेलेल्या मुलाला फ्यूज म्हणजे काय ते माहीत नसतं. पण स्वावलंबन शिकवायचं कसं, याचा धडा साताऱ्यातच पडलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं; १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हणणाऱ्या त्या संस्थेत सगळ्या जातींची खेड्यातली पोरं आई-बापांपासून लांब राहिली, राबली, शिकली. त्यांना कुणी एका खोलीत सोडून बाहेरून कडी लावली नव्हती. कामं वाटून दिलेली होती, बरोबरीला दुसरी पोरं होती आणि वर भाऊराव आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या, ज्यांनी या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले. स्वावलंबन असं माणसांच्या गराड्यात शिकवलं जातं. सोमवारी सकाळी किल्ली हातात ठेवून निघून जाण्याला त्याचं नाव देऊ नये.

घराच्या परीक्षेचा पहिला पेपर स्वयंपाकघरात. "मी येईपर्यंत एवढं दूध तापवून ठेव" हे मुलाला सांगितलं जाणारं सगळ्यात साधं आणि सगळ्यात वाईट काम. होतं काय, की मूल शेगडी पेटवतं, दूध ठेवतं आणि टीव्हीपुढं येऊन बसतं. दूध उतू जातं, आच विझते, पण बटण सुरूच असतं आणि गॅस तसाच येत राहतो. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळं वर न जाता ओट्याखाली, फरशीलगत साचतो. दहा मिनिटांनी मूल येतं, त्याला वास येतो, आणि घरातली मोठी माणसं करतात तेच ते करतं: एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबतं. बटणात ठिणगी पडायला तेवढं पुरतं. म्हणून एकटं ठेवायच्या दिवशी शेगडी बंद करून भागत नाही. सिलिंडरवरचा रेग्युलेटरच फिरवून बंद करायचा आणि खाणं थंड ठेवायचं. पोळी-भाजीचा डबा, केळी, चिवडा, आधीच तापवलेलं दूध. एक दिवस गार पोळी खाल्ल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

तरीही वासाचा धडा शिकवून ठेवावाच, आणि क्रमानं. बटणाला हात नाही: लावलेला दिवा लावलेलाच, बंद तो बंदच. दार उघडायचं, बाहेर पडायचं, जिना उतरायचा, आणि मग फोन, तोही बाहेर जाऊन. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर आहे, पण मुलाला तो पाठ करायला लावू नका. त्याला ११२ आणि घरचे दोन नंबर पुरेत. १०१, १०८, १०९८ सगळे एकदम शिकवले की ऐन वेळी त्यांची खिचडी होते. बाकीचे मोठ्या माणसांनी वापरावेत.

दुसरा पेपर दाराचा, आणि इथं आपली बहुतेक घरं सपशेल नापास होतात. मूल बाहेर जाऊ नये, कुणी आत येऊ नये, म्हणून बाहेरून कुलूप घालून जाण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की ती घालणाऱ्याला आपण फार काळजीवाहू आहोत असं वाटतं. आपल्या खिडक्यांना पक्के गज, बाल्कनीला पिंजऱ्यासारखी ग्रिल. म्हणजे दार हा एकमेव रस्ता, आणि तोच बंद. आत धूर झाला तर त्या मुलानं जायचं कुठं? घाबरलेली लहान मुलं अशा वेळी पलंगाखाली किंवा कपाटाआड लपतात, आणि शोधणाऱ्याला लवकर सापडत नाहीत. बाहेरून कुलूप घालावंसं वाटतंय, याचा सरळ अर्थ असा की ते मूल एकटं ठेवण्याजोगं नाही, हे तुम्हाला आतून माहीत आहे.

कडी मुलाच्या हातात हवी. साधारण साडेपाच फुटांवरची वरची कडी दहा वर्षांच्या मुलाला स्टूल ओढून काढावी लागते. अंधारात, घाबरलेलं असताना ते होत नाही. छातीच्या उंचीवर एक वेगळी कडी बसवा, दोन-तीनशे रुपयांत काम होतं. मग मुलाला डोळे मिटून ती दहा वेळा काढायला-लावायला सांगा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि एप्रिलमध्ये सहज सरकणारी कडी जुलैत अडकते, हेही तेव्हाच कळतं. दाराला नाईट लॅच असेल तर त्याची खोड वेगळी: मूल कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर येतं, वाऱ्यानं दार आपटतं, किल्ली आत आणि मूल अनवाणी जिन्यात. एक किल्ली शेजारी ठेवलेली असली की हा प्रसंग दोन मिनिटांत मिटतो. नसली तर मूल पाइपवरून चढायचा विचार करतं. न्हाणीघराची आतली कडी काढून टाका, नाहीतर बाहेरून उघडेल अशी लावा. आणि पाण्याचा हीटर, तो बादलीत बुडवायचा रॉड, माळ्यावर टाकण्यापेक्षा जाताना बरोबर घेऊन गेलात तरी मी हसणार नाही.

भाजलं-कापलं याची तयारी लागते, पण थोडकी. कापलं तर स्वच्छ फडका दाबून धरायचा, दहा मिनिटं, मधे उचलून बघायचं नाही. भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, तूप नाही, आणि हळदीच्या बाजारपेठेत राहून हे लिहायला जरा कचरायला होतं, पण भाजलेल्या जागी हळदही नाही.

फोनचं एक फारसं लक्षात न आलेलं दुखणं आहे. पूर्वी घरात तारेचा फोन होता. तो घराचा होता. आता फोन माणसांचे झाले आणि माणसांबरोबर बाहेर गेले. मुलाला दिलेला जुना स्मार्टफोन दुपारभर गेम खेळून चार वाजता मरतो, आणि गरज पाच वाजता पडते. बटणाचा साधा फोन घ्या, चार्जरला लावून दारालगतच्या एकाच खिळ्यावर टांगा, आणि तो खेळायला नाही हे ठरवून टाका. कुणाला फोन करायचा, यात तर हमखास चूक होते. वडील पुण्यात, साताऱ्याहून ११० किलोमीटरवर, मीटिंगमध्ये. पहिला नंबर त्यांचाच. पहिला नंबर पाच मिनिटांत चालत येऊ शकेल अशा माणसाचा हवा. तसा एकही माणूस तुमच्या यादीत नसेल, तर घराची परीक्षा इथंच संपली. बोलायचं काय, याचीही तालीम लागते. आपल्याकडचे पत्ते प्लॉट नंबरनं सापडत नाहीत, खुणेनं सापडतात. मुलाला स्वतःच्या शब्दांत, देवळापासून किंवा पाण्याच्या टाकीपासून घरापर्यंतचा रस्ता सांगता आला पाहिजे. मावशीला फोन लावून द्या, तिनं नवखी असल्यासारखं विचारावं. दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल.

मग कुणी म्हणेल, एवढ्या भानगडी कशाला, शेजारच्या काकांना बसवलं की झालं. इथं सावध. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत आरोपी बहुतांश वेळा मुलाच्या ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसतं. एकटं असणं हा एक धोका आणि चुकीच्या माणसाबरोबर असणं हा दुसरा. पहिला टाळायला दुसरा पत्करला तर सुरक्षितता वाढली असं होत नाही. शेजार हवा तो हाक मारायला, किल्ली ठेवायला. मुलाजवळ बसवायचं माणूस निवडताना मुलालाच विचारावं आणि त्यानं तोंड वाकडं केलं तर कारण न मागता ते मान्य करावं.

मुलाच्या परीक्षेकडं आता येऊ. माझ्या मते त्यात एकच खरा प्रश्न आहे: काच फुटली तर ते मूल तुम्हाला सांगतं का? मार खाणारं पोर फोन करत नाही. कप फुटल्यावर ज्याच्या पाठीत धपाटा बसतो ते पोर तुकडे पलंगाखाली सारतं, आणि उद्या गॅसचा वास आला तर आपल्याच हातून काहीतरी झालं असेल या भीतीनं गप्प बसतं. वर्गातला पहिला नंबर, पाठ असलेले श्लोक, ऑलिम्पियाडचं पदक, यातलं काहीही त्या क्षणी उपयोगाचं नाही. अंधाराला घाबरतं म्हणून मूल कच्चं, असंही नाही. दहाव्या वर्षी अंधाराची भीती वाटणारच, बॅटरी ठरलेल्या जागी ठेवा. मूल "नको" म्हणालं तर तो विषय तिथं संपतो. "हो" म्हणालं तर मात्र संपत नाही, कारण त्या 'हो'मागं तुमची ओढाताण ओळखून तुम्हाला खूश करणंही असतं आणि तीन तास मोबाईल मिळण्याची लालूचही.

तयारी करून घ्यायची ती अशी. आधी एक तास तुम्ही घरातच, दुसऱ्या खोलीत, पण नसल्यासारखे. हाकेला ओ नाही. मग खाली दुकानापर्यंत दहा मिनिटं. मग अर्धा तास, चार वेगवेगळ्या दिवशी. त्यातल्या एका दिवशी मुलाला माहीत नसलेल्या पण तुमच्या विश्वासातल्या कुणाला तरी बेल वाजवायला सांगा: "पार्सल आहे, ओटीपी सांग." मूल दार उघडतं का, जाळीच्या दाराआडून बोलतं का, "बाबा घरात नाहीत" असं बोलून जातं का, ते कळेल. नंतर एक तास, आणि एकदा मुद्दाम पंधरा-वीस मिनिटं उशीर. उशिराची तालीम सगळ्यात जास्त राहून जाते. "सहाला पोचते" म्हणून निघालेली आई खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला म्हणून आठला पोचते, रेंजही नाही, आणि सहा ते आठ या दोन तासांसाठी मुलाला काहीच सांगितलेलं नसतं. नियम साधा ठेवावा: ठरल्या वेळेनंतर अर्धा तास झाला आणि फोनही आला नाही, तर कुलूप लावून शेजारी जाऊन बसायचं. परत आल्यावर "त्रास दिला नाहीस ना?" असं विचारू नका. "काय अडलं?" असं विचारा.

मेरीलँडची दुसरी अट आता आठवा. स्वतः एकटं राहणं आणि दुसऱ्याला सांभाळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्यात पाच वर्षांचं अंतर आहे, असं तो कायदा मानतो. आपल्याकडं हे अंतर मुलगी असली की गळून पडतं. दहा वर्षांची ताई तीन वर्षांच्या भावाला सांभाळते, वर कुकर लावते, आणि त्याच घरातला बारा वर्षांचा दादा अजून 'लहान' असतो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघ यांना बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हेच दिसलं होतं. धाकट्याला सांभाळायचं म्हणून थोरली शाळेत येत नाही. मग त्यांनी धाकट्यांची सोय शाळेलगतच केली. ताई किती गुणाची आहे याचं कौतुक करत बसल्या नाहीत.

आत्तापर्यंतचं सगळं शहरातल्या फ्लॅटबद्दल झालं. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी, माण-खटावकडं मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्या घराची परीक्षा घराबाहेर असते. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद ओला आणि शेवाळलेला असला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतारावरून वर येता येत नाही. पाय ठेवला की घसरतो. तळ्याला कुंपण आणि फाटकाला कुलूप नसेल तर त्या वस्तीवर मूल एकटं ठेवू नये, मग ते पोहणारं असो. चारी बाजूंनी काठावर खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा आणि दोराला रिकामे कॅन बांधा. हे मोठ्या माणसांच्याही कामी येतं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, लावायची पेस्ट, फवारणीची औषधं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवलेलं उरलेलं औषध, याला कुलपाची पेटी हवी. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर मुलांच्या हाती नको. सांगलीत कृष्णाकाठी तर घराचा निकाल महिन्यागणिक बदलतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगरातलं जे घर मे महिन्यात पास आहे, ते आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं चढायला लागलं की नापास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं.

या सगळ्यावर एक आक्षेप असा आहे की ज्याला सहज उत्तर नाही. ज्यांच्याकडं पर्यायच नाही त्यांनी काय करायचं? ऊसतोडणीच्या टोळ्या पहाटे चारला फडात जातात. झोपडीवजा कोपीत थोरली मुलगी, दोन धाकटी भावंडं आणि दाराऐवजी गोणपाट. द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या बाईला टेम्पो सातला न्यायला येतो. एमआयडीसीतली दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. त्यांना कड्या-कोयंड्यांचे सल्ले देणं म्हणजे ज्याच्या घरात पीठ नाही त्याला पोळी मऊ कशी करावी ते शिकवणं. हे खरं आहे, आणि म्हणूनच हा फक्त आई-बापांच्या शहाणपणाचा प्रश्न राहत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानं ३० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघर सांगितलं, ते ६ वर्षांखालच्यांसाठी. १९७५ पासूनची अंगणवाडी, तीही ६ वर्षांपर्यंत. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर आलेल्या लहानग्यांसाठी एक बाई नेमायची तरतूद झाली, तीही एवढ्याच वयापर्यंत. ६ ते १४ साठी शिक्षणाचा हक्क आहे, पण तो शाळा सुटेपर्यंत. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंतचे तास, आणि मे महिना अख्खा, हे सरकारच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. मूल सहाव्या वाढदिवसाला पाळणाघरातून बाहेर पडतं ते थेट कुठं जातं, हे कुणी विचारलेलं नाही.

यासाठी नवी इमारत लागत नाही. जिल्हा परिषदेची शाळा गावोगाव आहे, तिला पटांगण आहे, पाणी आहे, पोषण आहाराचं स्वयंपाकघर आहे. संध्याकाळी साडेसहापर्यंत आणि उन्हाळ्यात दुपारभर एक मानधनावरची ताई आणि एक उघडी खोली, एवढंच मागायचं आहे. आज पाच वाजता फाटकाला कुलूप लागतं आणि पोरं भिंतीवरून उड्या मारून आत क्रिकेट खेळतात.

राहिला ग्रुपवरचा तो मूळ प्रश्न. पाचवीतला मुलगा, सोमवारपासून, दुपारभर? सोमवारपासून नाही. या शनिवारी सुतार बोलावून कडी खाली घ्या, एक किल्ली शेजारी द्या, फोनला खिळा ठोका. रविवारी मावशीचा फोन आणि दुसऱ्या खोलीतला तास. पहिले दोन आठवडे रजा वाटून घ्या, एक दिवस आईनं आणि एक बाबांनी, आणि त्या दिवसांत दहा मिनिटं, अर्धा तास, उशीर, बेल हे सगळं उरकून घ्या. तोवर मेचा दुसरा आठवडा उजाडेल. तेव्हा तास-दीड तास जमेल, दोन ते साडेतीन. उरलेली दुपार त्याच मजल्यावरच्या आणखी दोन घरांशी बोलून पाळीनं वाटून घ्यावी लागेल. त्यांच्याकडंही पाचवी-सहावीतली पोरं आहेत आणि त्यांचीही रजा संपत आलेली आहे.